बिमिनीची उडती बोट

श्रोतेहो, नमस्कार. मायामीच्या किनाऱ्यापासून साधारण 80 किलोमीटरवर बहामातलं बिमिनी आहे. आर्थर चॉक या वैमानिकाने 1919 साली तिकडे नियमित फेऱ्या सुरू केल्या. अमेरिकेत दारूबंदी आली, दारूसाठी लोक बिमिनी गाठू लागले आणि या धंद्याला बरकतच आली.

चॉक्स कंपनीला धावपट्टी लागत नसे. तिचं ग्रुमन मॅलार्ड विमान 17 प्रवासी घेऊन पाण्यावर उतरायचं, पाण्यातच चाकं खाली सोडायचं आणि सिमेंटच्या उतारावरून स्वतःच्या इंजिनांवर वर चढायचं. उतरलं की गाव समोरच!

पण मॅलार्ड बनली फक्त 59, तीही 1946 ते 1951 या काळात. पुढे त्यांना टर्बाइन इंजिनं बसवली, पंख मात्र जुनेच राहिले. त्यात खारं पाणी. असं विमान गोड्या पाण्याने वरचेवर धुतलं नाही, तर अ‍ॅल्युमिनियम आतून पोखरत जातं.

मॅलार्डच्या पंखाची पोकळी हीच इंधनाची टाकी. म्हणून पंखातून इंधन झिरपू लागलं, तर ‘सीलंट (सांधे बुजवणारा लेप) गेलं असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. पत्राच चिरलेला असू शकतो. चॉक्सच्या एका विमानात ही गळती पुन्हा पुन्हा होत होती. पत्र्यावरच्या भेगेच्या टोकाला भोक पाडलं, वरून ठिगळ मारलं. गोल भोकामुळे टोकावरचा ताण पसरतो आणि भेग थांबते, हे खरं. पण पत्र्याला आतून टेकू देणारी पट्टीच तुटली असेल, तर सगळा भार पत्र्यावर येतो आणि भेग पुढे सरकतच राहते.

19 डिसेंबर 2005 रोजी मायामीहून उडाल्यावर थोड्याच वेळात त्या विमानाचा उजवा पंख निखळला. विमानातले वीसही जण गेले. त्यांत बरेच बिमिनीचेच रहिवासी होते. विमान 1947 सालचं होतं. चौकशीत कंपनीच्या देखभालीवर ठपका आला, आणि ती नीट न तपासणाऱ्या सरकारी विमानखात्यावरही. जुन्या विमानांच्या जादा तपासणीचा नियम होता; पण 1958 पूर्वी मान्यता मिळालेल्या विमानांना त्यातून सूट होती. म्हणजे सर्वांत म्हाताऱ्यांनाच!

उरलेली मॅलार्ड जमिनीवरच राहिली. सप्टेंबर 2007 मध्ये कंपनीचा परवाना रद्द झाला. चाकांचं विमान साउथ बिमिनीच्या धावपट्टीवर उतरतं. शेजारच्या नॉर्थ बिमिनी बेटावरच्या अ‍ॅलिस टाउन गावाला जायचं, तर तिथून बोट धरावी लागते.