‘याल का?’ असं विचारण्याआधी

अपघात झाला, स्फोट झाला की धावून जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना आपण लगेच ‘देवदूत’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द आपल्याच सोयीचा आहे. देवदूताला मास्क लागत नाही, त्याची लेकरं घरी वाट पाहत नसतात.

२० मार्च १९९५ची सकाळ आठवा. टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे विष सोडलं गेलं. जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० जण आले. कुणी चालत, कुणी टॅक्सीत. हे नेमकं काय आहे, ते कळायला तीनेक तास गेले. तोवर आलेल्यांच्या कपड्यांतून विषाची वाफ निघतच होती. खाटा पुरेनात म्हणून प्रार्थनागृहात रुग्ण ठेवले. तिथं हवा खेळती नव्हती, आणि तिथं काम करणाऱ्यांनाच सगळ्यांत जास्त बाधा झाली. घटनास्थळी गेलेल्या अग्निशमन दलाच्या १,३६४ जणांपैकी १३५ जणांनाही त्रास झाला. आता हे सगळे ‘तयार’ होते असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. समोर काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. धोका माहीत असताना माणूस निघतो का, हा खरा प्रश्न.

तो प्रश्न न्यूयॉर्क परिसरातल्या ४७ आरोग्यसंस्थांमधल्या ६,४२८ कर्मचाऱ्यांना विचारला गेला. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकाच वेळी खूप माणसं जखमी झाली तर येऊ, असं ८६ टक्के म्हणाले. रासायनिक हल्ला म्हटल्यावर ६८, देवीच्या रोगाची साथ म्हटल्यावर ६१, किरणोत्सार म्हटल्यावर ५७. आणि सार्ससाठी, म्हणजे श्वासावाटे पसरणाऱ्या त्या साथीच्या आजारासाठी, अवघे ४८! सार्समागे कुठला अतिरेकी आहे? म्हणजे ही भीती हल्लेखोराची नाही. अंगाला चिकटून आपल्या उंबरठ्याच्या आत येईल, त्या गोष्टीची आहे. न येण्याच्या कारणांत स्वतःच्या आणि घरच्यांच्या जिवाची काळजी सगळ्यांत वर होती. मनात असून येता येणार नाही म्हणणारे वेगळे: जायला वाहन नाही, मुलांकडे बघायला कुणी नाही. पाळीव प्राण्यांचं काय करायचं, हेही त्या यादीत आहे. हसू नका, बारा तासांच्या पाळीनंतर आणखी बारा तास थांबा म्हटलं की कुत्र्याचाही विचार करावाच लागतो.

बॉम्बला माणसं कमी भितात म्हणावं, तर १९९७ मध्ये अटलांटाजवळ एका दवाखान्यात स्फोट झाला आणि तासाभराने, मदतीला आलेल्यांच्या गर्दीतच, दुसरा. म्हणूनच हल्ली ‘आत सुरक्षित आहे’ असं कळेपर्यंत पथकं बाहेर थांबवतात. हा नियम चुकीचा नाही. पण २२ मे २०१७ला इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरेना या कार्यक्रमांच्या सभागृहात स्फोट झाला, २२ माणसं गेली, आणि स्फोट झालेल्या दालनात त्या रात्री काम केलं ते फक्त तीन पॅरामेडिक्सनी. अग्निशमन दल पोचलं दोन तासांहून उशिरा. जवळच्या फायर स्टेशनातल्या जवानांनी तो स्फोट स्वतःच्या कानांनी ऐकला होता. जायला ते तयारच होते. त्यांना दूरच्या दुसऱ्या स्टेशनवर जमायला सांगण्यात आलं.