लीद पडेपर्यंत

[पडद्यावर काळोख. पावसाचा आवाज. मग टाप आपटल्याचा.]

माथेरान. जूनचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेनऊ. तबेल्याच्या लाल मातीत एक खूर सारखा उकरतोय. घोडी दोन वर्षांची, पाठीवर अजून खोगीर चढलेलं नाही. घरात तिला सगळे बिजली म्हणतात.

संध्याकाळी तिनं चंदीला तोंड लावलं नाही, तेव्हाच मालकांच्या मनात पाल चुकचुकली. आता ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते, खाली बसते, उठते, परत बसते. अंगाला घाम, कान गार. दुपारपासून लीद नाही.

"शूळ उठलाय," मालक मुलाला सांगतात. "पुढ्यातला चारा काढ आधी."

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट, की आत गेलेलं वर येतच नाही. एवढ्या मोठ्या देहाला जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यापुढचं मोठं आतडं पोटात सैलसर पडलेलं असतं. वायू धरला, की ते फुगतं, जागचं हलतं, कधी त्याला पीळ बसतो. पीळ बसला तर शस्त्रक्रियेशिवाय वाट नाही, आणि ती सोय या डोंगरावर नाही.

उन्हाळाभर बिजली वाळल्या गवतावर होती. पहिल्या पावसानं कोवळा चारा उगवला आणि दोन दिवस तिला त्यात मोकळं सोडलं. मायेपोटीच सोडलं. पण नव्या चाऱ्याची आतड्याला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

डॉक्टर खालून निघालेत. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच, पुढची वाट पावसात पायी. तोवर बिजलीला हळूहळू चालवायचं. लोळायला लागली की उठवायचं; शांत पडली तर पडू द्यायचं, उगाच दमवायचं नाही. शेजारचा एकजण तेलाची बाटली घेऊन धावत येतो. मालक त्याला हात जोडून थांबवतात. तोंडात ओतलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. तसं गेलेलं जनावर त्यांनी पाहिलंय.

[जवळून : बॅटरीच्या उजेडात हिरडी.]

डॉक्टर हिरडीवर अंगठा दाबून सोडतात. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. इथे तीन लागतात. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, बिजलीचे ६४. मग कुशीला स्टेथोस्कोप लावून ते बराच वेळ ऐकत राहतात. निरोगी आतडं गुरगुरतं. डावीकडे काहीच ऐकू येत नाही.

कळ थांबवणारं इंजेक्शन. मग नाकातून लांब नळी थेट जठरात; आधी आत काही साचलंय का ते बघायला, नंतर पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडायला. मुलगा तिचं डोकं छातीशी धरून उभा. "थांब ग बाय, झालं, झालं." पत्र्यावर पाऊस कोसळतोय, आणि तो तेवढंच म्हणत राहतो.

बारा. दोन. दर अर्ध्या तासानं ठोके मोजायचे, वहीत लिहायचे. ६०. ५६. ५२. इंजेक्शनानं दुखणं झाकलं जातं, त्यामुळे ती शांत उभी राहिली तरी कुणाचा डोळा लागत नाही. आम्ही कॅमेरा ठेवून चहा घेतला. मालकांचा आणि मुलाचा कप तसाच गार झाला.

[पहाट.]

पाच चाळीस. बिजली शेपूट उचलते. चार-पाच गोळे पडतात. मालक वाकून एक हातात घेतात, फोडून बघतात, वास घेतात. मग भिंतीला पाठ टेकून खालीच बसतात. डॉक्टर पुन्हा कुशी ऐकतात. दोन्हीकडे गुरगुर.

रात्री दिलेलं तेल खाली उतरायला अजून बराच वेळ आहे. ते लिदीत दिसेपर्यंत चंदी बंद, असं बजावून डॉक्टर डोंगर उतरायला लागतात.

सातच्या सुमारास भूक लागलेली बिजली मुलाच्या शर्टाची बाही ओढते. तो तिच्यापुढे पाण्याची बादली सरकवतो, आणि रिकामा तोबरा उचलून आढ्याला उंच टांगतो.