वॉर्डातलं खोटं नाव

(दृश्य : शुक्रवार पेठ, पुणे. अरुंद बोळ, जुन्या वाड्यांचे सज्जे.)

या पेठेत लक्ष्मीबाई कर्वे राहायच्या. नवरा 1945 साली गेला. धाकटा मुलगा 1954 साली वारला, थोरला वेगळा राहत होता. घर त्यांच्या नावावर, बँकेत ठेवी, कंपन्यांचे शेअर आणि जोडीला मधुमेह. घरच्या डॉक्टरांवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्याच घरात भाडेकरू होते, औषधपाणी बघायचे, पैशाअडक्याचे व्यवहारही सांभाळायचे. एकट्या बाईला असं हक्काचं माणूस मिळालं, म्हणून आजूबाजूच्यांनाही हायसं वाटलं असेल.

(दृश्य : रात्रीचं पुणे स्टेशन. मग खंडाळ्याचा घाट, बोगदे.)

12 नोव्हेंबर 1956. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची म्हणून दोघं रात्रीच्या पॅसेंजरनं निघाले. पुण्याहून निघताना लक्ष्मीबाई शुद्धीवर होत्या.

(दृश्य : मुंबईचं टर्मिनस, पहाटेचा फलाट. मग जी. टी. हॉस्पिटल.)

पहाटे पाचच्या सुमाराला गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना सरकारी जी. टी. रुग्णालयात दाखल केलं आणि नाव सांगितलं इंदुमती पौंशे. लग्नाआधी लक्ष्मीबाई इंदुमती पोंक्षे होत्या. माहेरचं नाव, तेही जरासं मोडून. ओळखीचं कुणी शोधत आलं असतं तरी नोंदवहीत लक्ष्मीबाई कर्वे सापडल्या नसत्या.

साडेअकरा वाजता त्यांचा मृत्यू झाला. कारण लिहिलं, मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी. शवविच्छेदन झालं नाही. आमच्या मते या प्रकरणाची खरी जखम इथे आहे. एक बाई काही तासांत दगावते, सोबत आलेला डॉक्टर निघून जातो, आणि तरी कुणी थांबून विचारत नाही.

प्रेत न्या, असं रुग्णालयानं डॉक्टरांना कळवलं. उत्तर आलं, बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येईल. तो यायचाच नव्हता. बेवारस म्हणून देह वैद्यकीय महाविद्यालयात, विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी पाठवला गेला. तिथल्या एका शिपायाला मानेवर वळ दिसला, त्यानं तो वरिष्ठांच्या नजरेस आणला, आणि तेव्हा कुठे, दहा दिवसांनी, शवविच्छेदन झालं. या शिपायाचं ऋण मोठं आहे.

(दृश्य : जुनी पोस्टाची पाकिटं, अक्षरांचे जवळून टिपलेले भाग.)

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंची पत्रं येत होती! जयपूरजवळ राठोडीला जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलंय, आता तिकडेच राहणार, अशी. खाली त्यांची सही. या बनावट सह्यांच्या आडून त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात राहिली. नातलगांनी मात्र चौकशी सोडली नाही. 1958 साली डॉक्टरांना अटक झाली. बेवारस प्रेताचे फोटो पोलिसांकडे होते, त्यावरून लक्ष्मीबाईंची ओळख पटली.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय, दिल्ली.)

डॉक्टरांनी विष देऊन मारलं, असा आरोप. विष सापडलं नव्हतं, बचावाचा सगळा भर त्यावरच. पण मधुमेहाचा रुग्ण असा दगावत नाही, आणि निष्पाप डॉक्टर असा वागत नाही, या परिस्थितीजन्य पुराव्यावर पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बहुमतानं. खंडपीठातले न्या. ए. के. सरकार यांचं मत वेगळं होतं. विषाचा अंश न सापडलेल्या खटल्यांत वकील आजही लागू खटल्याचा हवाला देतात.