घरी शिकणाऱ्या मुलाला चार घरं लागतात

(जळगावात पालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मला दिलेला विषय आहे 'घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी साधनं, उपक्रम आणि आधार'. यातल्या साधनांवर मी सगळ्यात कमी बोलणार आहे, कारण ती मुबलक आहेत. पुस्तकं फुकट मिळतात, व्हिडिओ फुकट मिळतात. घरशाळा बंद पडते ती आधार नसल्यामुळे. पण आधी कायद्याचं बोलून टाकू, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनात तेवढाच एक प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वय ६ ते १४. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. ते न केल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. आणि घरी शिकवण्याबद्दल या कायद्यात एक शब्दही नाही. म्हणजे परवानगी नाही, बंदी नाही, नोंदणीचं ऑफिसही नाही. 'ताई, होमस्कूलिंगचं परमिशन लेटर कुठे मिळतं?' असे फोन मला येतात. कुठेच मिळत नाही. त्यामुळे 'सरकारमान्य होमस्कूल' म्हणून कोणी वर्षाचं पॅकेज विकत असेल तर चहा पाजून त्याला परत पाठवा. मान्यता परीक्षा घेणाऱ्या मंडळाला असते, त्या पॅकेजला नसते.

दुसरी गोष्ट शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची. आपल्याकडे हे काम मनापासून होतं आणि व्हायलाच हवं. नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडची कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात, इकडून ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात आणि लेकरांची शाळा सुटते. सर्वेक्षणाला येणारे गुरुजी त्या लेकरांना शोधत असतात. ते आपल्या दारात आले तर कलमं ऐकवून वाद घालू नका. बसायला सांगा, मुलाच्या वह्या दाखवा, त्याच्या कामाची फाइल दाखवा, मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. आपली मुलं आपण ठरवून घरी ठेवली आहेत. त्या मुलांना पर्यायच नव्हता. हा फरक आपल्यालाच कळत नसेल तर गुरुजींना कसा कळणार?

याच कारणासाठी एक विनंती आहे. घरशाळेच्या समर्थनार्थ बहिणाबाईंचं नाव घेणं बंद करा. दर बैठकीत कोणीतरी म्हणतंच, 'आसोद्याची ती बाई कुठे शाळेत गेली होती?' अहो, १८८० साली जन्मलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत कोण पाठवणार होतं? त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली, कारण घरातल्या शिकलेल्या माणसांनी ती लिहून घेतली. लिहून घेणारं कोणी नव्हतं अशा किती जणी गेल्या, त्याचा हिशेब कोणाकडे आहे?

आता परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे आपण 'एनआयओएस' म्हणतो ती, १९८९ मध्ये सुरू झाली. लहान मुलांसाठी तिचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत : तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. दहावीला बसायला वय किमान १४ लागतं. विषय पाच घ्यायचे. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतात. माझी मुलगी तशीच देते आहे. गणित आधी काढून टाकलं, विज्ञान पुढच्या खेपेला. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. हे मुद्दाम सांगते, कारण घरशाळा म्हणजे इंग्रजीच, असं आपल्याकडे घट्ट बसलंय.

राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या समकक्ष परीक्षा होतात. शिवाय बाहेरून दहावी-बारावी देण्याचा आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच. आपलं विभागीय मंडळ नाशिकला. पण १७ नंबरला आधीच्या शाळेचा दाखला लागतो, त्यामुळे ज्या मुलानं शाळेचा उंबराच पाहिलेला नाही त्याची तिथे अडचण होते. केंब्रिजची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण खर्च आणि केंद्र यांचा हिशेब करून मगच तिकडे बघा. 'पुढे नीट-जेईईला चालेल का?' या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. २०१८ मध्ये 'नीट'साठी मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र धरलं होतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं ती अट रद्द केली. तरी ज्या वर्षी मूल परीक्षेला बसेल, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

यापेक्षा जास्त त्रास एका साध्या कागदाचा होतो. शाळा सोडल्याचा दाखला. आपल्याकडे जन्मतारीख त्यावर, जात त्यावर, आणि पुढे जातपडताळणीत वडिलांचे, आजोबांचे दाखले काढायला लावतात. घरी शिकलेल्या मुलाच्या पिढीत हा कागदच नसतो. म्हणून मुलाचा जन्मदाखला, आधार, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला हे एकत्र करून मुलाचं जातप्रमाणपत्र आणि अधिवासाचा दाखला लवकर काढून ठेवा. सोळाव्या वर्षी अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभं राहून सेतू केंद्राकडे पळापळ करण्यात काय मजा आहे?

साधनं पटकन सांगते. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. दीक्षा अ‍ॅप आहे. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी ढिगानं आहेत. अरविंद गुप्तांच्या विज्ञान-खेळण्यांना टाकाऊ वस्तू सोडून काही लागत नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. पालकांनी वाचायचं तर 'पालकनीती' मासिक आहे. झालं. वर्षभर पुरेल एवढं आहे. याहून जास्त गोळा केलंत तर ते मोबाइलमध्ये पडून राहील.

पण खानदेशात राहून फक्त स्क्रीनवर शिकवणं म्हणजे करंटेपणा आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन या. सगळे धबधब्यासाठी जातात, तुम्ही शिलालेखासाठी जा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, त्याची नोंद त्या लेखात आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. आपल्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी खास गणित आणि ज्योतिष शिकवायला सोय केली होती, हे कळल्यावर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली उदाहरणं मुलं वेगळ्या उत्साहानं सोडवतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुन्या हस्तलिखितांचा संग्रह असलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तिथली हस्तलिखितं पाहून आल्यावर माझ्या मुलीनं मोडी शिकायला घेतली. जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे आणि साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते प्रताप हायस्कूल आहे. २०२४ चं साहित्य संमेलन अमळनेरला झालं, तेव्हा आमची चार-पाच घरं मुलांना घेऊन गेली होती. मुलांना भाषणांत रस नव्हता. ती पूर्ण वेळ पुस्तकांच्या दालनात होती, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

आणि आपली शेती. एक प्रसंग जरा सविस्तर सांगते.

माझ्या मुलाला शेकडेवारी समजत नव्हती. डिस्काउंट, नफा-तोटा, काहीच डोक्यात शिरेना. माहेरून कापूस आला होता. त्याला ५० ग्रॅम तोलून दिला आणि म्हटलं, सरकी काढ. दुपारभर ओसरीत बसून बोटांनी एकेक सरकी सोडवत होता. बोटं दुखली म्हणून कुरकुर केली, पण सोडलं नाही. रुई, म्हणजे सरकी काढून उरलेला कापूस, भरली १६ ग्रॅम. म्हणजे ३२ टक्के. मग ओळखीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे यंत्रानं सरकी काढतात त्या कारखान्यात, गेलो. तिथले काका म्हणाले, 'आमच्याकडे क्विंटलला ३३-३५ किलोचा उतारा पडतो. तुझा कापूस शेवटच्या वेचणीचा आहे का?' होता. घरी आल्या आल्या यानं आजोबांना फोन लावला, पहिल्या वेचणीचा कापूस राखलाय का? तो मागवला, तोलला, तक्ता केला. रुईची गाठ १७० किलोची असते हे त्याला तिथे कळलं होतं. ३४ टक्क्यानं एका गाठीला किती कापूस लागेल, हे गणित त्यानं मला घातलं. पाच क्विंटल. मग प्रश्न आला की शेतकरी कापूस विकतो, तर उतारा जास्त असल्याचा फायदा कोणाला होतो? त्याचं उत्तर द्यायला काकांना बराच वेळ लागला.

हे आमच्या घरात जमलं, कारण कोणाचं तरी शेत होतं, कोणाची तरी जिनिंगमध्ये ओळख होती. आता मूळ मुद्द्यावर येते. एका घराला हे सगळं पुरवता येत नाही. पुण्या-मुंबईत घरी शिकणारी पुष्कळ कुटुंबं आहेत, दर आठवड्याला काही ना काही ठरलेलं असतं. आपल्याकडे एक घर भुसावळला, एक चोपड्याला, एक शहाद्याला. मुलाला बरोबरीचं कोणी नाही आणि आईला बोलायला कोणी नाही.

आईबद्दल स्पष्ट बोलते, पुरुष मंडळींनी राग मानू नये. बहुतेक घरांत घरशाळा ही आईची बिनपगारी नोकरी असते. निर्णय दोघांचा, कौतुक वडिलांचं आणि दिवस आईचा. धुळ्याकडचे आमचे एक मामा अजूनही भेटले की विचारतात, 'पोऱ्या शाळामा जात नही, मंग दिनभर करस काय?' हा प्रश्न ते माझ्या नवऱ्याला कधीच विचारत नाहीत. म्हणून घरी शिकवणाऱ्या घरांच्या आमच्या गटात नियम आहे. बाबांनी आठवड्यातला एक ठरलेला वेळ घ्यायचा, आणि 'जमेल तसं' हे उत्तर चालत नाही. एक जण बँकेत आहेत, ते शनिवारी हिशेब आणि बुद्धिबळ घेतात. दुसरे मोटार रिवाइंडिंग करतात, त्यांच्या दुकानात मुलांना वीज कळली. आपल्याकडे येणारी ही माणसं शिक्षक नाहीत, म्हणून मुलांना त्यांना थेट प्रश्न विचारता येतात.

भेटायचं कसं? वार, वेळ आणि जागा ठरलेली हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कधी भेटू या?' असं विचारलंत की ती भेट मेली म्हणून समजा. वाचनालयाकडे रविवारी सकाळची खोली मागा, बऱ्याचदा मिळते. दोन घरं आली तरी भेट रद्द करायची नाही. पैशांचा हिशेब वहीत लिहा, पाच रुपयांचा असला तरी, कारण गट फुटतात ते शिक्षणाच्या विचारांवरून नव्हे, रिक्षाभाड्यावरून. हिवाळ्यात एखाद्याच्या शेतात भरीत पार्टी ठेवा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी, आणि मुलांना दिवसभर मोकळं सोडायचं. नव्या पालकांना या भेटीलाच बोलवा. सभागृहात तुम्ही मला जे विचारणार नाही ते तिथे विचाराल. सारंगखेड्याच्या यात्रेला मुलांना न्या, घोड्यांचे भाव कसे ठरतात ते बघू द्या. मोठ्या भेटींची हौस असेल तर 'स्वशिक्षण' ही घरी शिकणाऱ्या कुटुंबांची देशपातळीवरची संघटना आहे, आणि उदयपूरची 'शिक्षांतर' ही संस्था आहे. तिकडे जाऊन आलं की आपण वेडे नाही एवढं तरी पटतं. पण वर्षातून एकदा मिळालेला तो धीर पुढच्या मंगळवारी दुपारी उपयोगी पडत नाही. तेव्हा तीन गल्ल्यांपलीकडचं घर लागतं.

खेळाचं एक. शालेय स्पर्धांना शाळेमार्फतच नाव जातं, तिथे आपली मुलं बसत नाहीत. त्या-त्या खेळाच्या संघटनेच्या वयोगट स्पर्धा पाहा, किंवा क्लब गाठा.

तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्यांमधला शेवटचा प्रश्न घेते. 'मूल मधेच म्हणालं की मला शाळेत जायचंय, तर?'

तर पाठवा. त्याच आठवड्यात. मग आपलं इतक्या वर्षांचं काय, असं म्हणू नका, ते मुलाचं ओझं नाही. ६ ते १४ मधल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश देणं हे कायद्यात आहे, आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण देणंही आहे. दाखला नाही म्हणून मुख्याध्यापक अडवून बसले तर शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम दाखवा, नम्रपणे. जन्मदाखला, आधार आणि मुलाच्या दोन-तीन वह्या बरोबर न्या. आमच्या गटातली एक मुलगी अशीच सातवीला गेली. रविवारच्या भेटीला ती अजून येते.