काहिलीत नेमकं काय बदलतं?

कोल्हापूर जिल्ह्यातलं गुऱ्हाळ. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईत, पडतोय. ऊस पिळला, चिपाड एकीकडे, रस एकीकडे. साखर होती तीच आहे. हा भौतिक बदल, यात वादच नाही. खरी गंमत चुलवाण पेटल्यावर.

बुडबुडे, फेस, पालटलेला रंग दिसला की रासायनिक बदल, असं शाळेत पाठ केलेलं असतं. काहिलीत हे सगळं एकदमच दिसतं, आणि त्यातलं बरंचसं फसवं असतं.

आधी ही मळी बघा, रसावर येणारा मळकट फेस. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, रानभेंडीचं बुळबुळीत पाणी रसात सोडतोय. उष्णतेनं रसातली प्रथिनं साकळतात. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, तशीच तीही परत विरघळत नाहीत. भेंडीचा चिकटा त्यांना धरून वर आणतो. साकळणं रासायनिक, वर येणं भौतिक. खळखळून उकळी फुटण्याआधी मळी झाऱ्यानं काढावीच लागते. उशीर झाला की ती रसात मिसळते आणि गूळ काळपट, गढूळ होतो.

मग चुन्याची निवळी. उसाचा रस मुळात आंबट, सामू (pH) 5.2 ते 5.5. तो 6 ते 6.5 वर आणायचा. आम्ल आणि चुना मिळून क्षार बनतात : रासायनिक बदल, आणि डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही! चुना कमी पडला तर तापलेल्या आंबट रसात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. असा गूळ बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. जास्त झाला तर गूळ काळपट होतो.

आता ही उकळी. दिसायला केवढी जोरकस, पण हे बुडबुडे निव्वळ वाफेचे. 1000 किलो रसात 800 किलोच्या आसपास पाणी असतं, ते उडतंय. वाफेवर थंड ताट धरलं तर पाण्याचे थेंब जमतील. 105 अंशांच्या पुढेमागे काकवी, 118 च्या आसपास गूळ. शेवटच्या टप्प्यात जाळ ओढून घेतात, नाहीतर तळ करपतो. थेंब थंड पाण्यात टाकला, पसरला नाही, बोटांत त्याची गोळी वळली, की काहील उतरवायची.

वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओतलेला पाक फावड्यानं घोटतात, तसा रवा धरतो, म्हणजे साखरेचे स्फटिक बनतात. पाण्यात टाका, पुन्हा विरघळेल : भौतिक. तांबूस रंग मात्र जाणार नाही. तो साखर आणि अमिनो आम्लांतून नव्यानं तयार झालाय.

आणि ही पांढरी पावडर, हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग उडवून गूळ पिवळाधमक करते, कारण बाजार पिवळ्याला भाव देतो. ठेवलेला गूळ हवेनं पुन्हा काळवंडतो. रंग परत आला म्हणून बदल भौतिक ठरत नाही. मधल्या वेळात रंगाचे रेणू बदलले होते, गंधकाची नवी संयुगं बनली होती. त्यांचा अंश गुळात राहतो, दम्याच्या रुग्णांना तो त्रासदायक ठरू शकतो.

या काहिलीत ती पावडर टाकलेली नाही. मळी तीनदा काढली, चुना बेताचा पडला. ढेपेचा रंग तांबूस-सोनेरी आलाय.