टाके घालण्याआधी

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर एका बाजूला सीपीआर हे सरकारी रुग्णालय, समोर जुन्या कोर्टाची इमारत. ऑगस्ट २०२५ पासून तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भरतं आणि सहा जिल्ह्यांची अपिलं चालतात. पण मारहाणीच्या खटल्यातला महत्त्वाचा कागद तयार होतो तो रस्त्याच्या अलीकडे, अपघात विभागात.

न्यायवैद्यक म्हटलं की लोकांना शवागारच आठवतं. जिवंत माणसाची जखम बघून मत देणारा मात्र आपल्याकडे बहुधा कॅज्युअल्टीतला ड्युटी डॉक्टरच असतो. उपचारही त्यानंच करायचे, एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची जखमांची नोंदही त्यानंच लिहायची.

समजा, बांधाच्या भांडणात डोकं फुटलेला माणूस आलाय. नातेवाईक सांगतात, "कुऱ्हाड घातली, साहेब!" आधी रक्त थांबवायचं. जीव पहिला, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यातच बजावलंय. मग भिंग घेऊन जखमेची कड बघायची. डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते, त्यामुळे काठीच्या फटक्यानंही ती कापल्यासारखी सरळ फाटते. वरवर बघणारा कुऱ्हाडच म्हणेल. पण कडा चेचलेल्या असतील, केस मुळाशी ठेचलेले असतील, जखमेत या कडेपासून त्या कडेपर्यंत मांसाचे न तुटलेले धागे दिसत असतील, तर ते धारेचं हत्यार नव्हे. हे टाके घालण्याआधी लिहायचं. एकदा कडा जुळल्या की पुरावा मिटला. आणि लिहायचं ते सेंटिमीटरमध्ये. "मोठी जखम" या शब्दांना कोर्टात कवडीची किंमत नाही.

कपड्यांचंही तेच. घाईत कात्री चाकूच्या भोकातूनच गेली, तर मूळ भोक कसं होतं हे कोण सांगणार? रक्ताचा कपडा वाळवून कागदी पिशवीत ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

अत्याचारग्रस्त बाईची तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी, करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. इतकं सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

समन्स येतं काही वर्षांनी. तोवर डॉक्टरांची बदली झालेली असते. रजा टाकून, एसटी पकडून कसबा बावड्यातलं जिल्हा न्यायालय गाठायचं. पेशंटचा चेहरा आठवत नाही. हातात असतो तो आपल्याच अक्षरातला कागद. तेव्हाचं गिचमिड अक्षर आता स्वतःलाच लावावं लागतं!

उलटतपासणीत वकील विचारतात, "डोक्याची ही जखम दगडावर पडूनही होऊ शकते ना?"

"होऊ शकते."

सरकारी वकील अस्वस्थ होतात. पण खरं उत्तर तेच आहे, आणि डॉक्टर कुठल्याच पक्षाचे नसतात.

"मग पाठीवरचे वळही पडूनच उठले असतील?"

"दोन समांतर लाल रेषा आणि मधली कातडी फिकी, असा वळ काठीसारख्या वस्तूच्या फटक्यानं उठतो. सपाट जमिनीवर पडून तसा उठत नाही."