माराकानावरचा दुसरा जुलै

मंडळी, कोपा रिओ ही क्लबांची फुटबॉल स्पर्धा झाली १९५१ साली, पण तिची गोष्ट सुरू होते त्याच्या आदल्या वर्षी, १६ जुलै १९५० ला. रिओचं माराकाना स्टेडियम, विश्वचषकातला शेवटचा सामना. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. तिकीट काढून आत आलेलेच १,७३,८५० लोक होते. १-१ असताना उरुग्वेचा घिज्जिया उजवीकडून आत घुसला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं, आता हा चेंडू मध्ये देणार. तो जरासा पुढे सरकला आणि तेवढ्या फटीतून, जवळच्या खांबालगत, चेंडू जाळ्यात गेला. ब्राझील हरलं. अख्खं स्टेडियम गप्प झालं.

पुढच्याच जूनमध्ये ब्राझीलने जगातल्या क्लबांना घरी बोलावलं. घरात एवढं दुःख झाल्यावर वर्षाच्या आत त्याच अंगणात पुन्हा मांडव घालायला छाती लागते, असं मला मनापासून वाटतं. आणि काळ कोणता? युरोपातल्या क्लबांचा युरोपियन कप १९५५ चा, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची लिबेर्तादोरेस १९६० ची. क्लबांनी समुद्र ओलांडून स्पर्धा खेळायची, ही कल्पनाच नवी होती. युरोपातल्या क्लबांना तयार करण्यात इटलीचे फुटबॉल पदाधिकारी ओत्तोरिनो बारास्सी यांचा मोठा वाटा होता. महायुद्धात विश्वचषक बुटाच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवला, असं ज्यांच्याबद्दल सांगतात, तेच हे.

आठ क्लब आले. रिओतल्या गटात वास्को द गामा, लिस्बनचा स्पोर्टिंग, ऑस्ट्रिया व्हिएन्ना आणि उरुग्वेचा नासिओनाल. साओ पाउलोतल्या गटात तिथलाच पालमेइरास, इटलीचा युव्हेंटस, बेलग्रेडचा रेड स्टार आणि फ्रान्सचा नीस. इटलीचा त्या वर्षीचा विजेता मिलान आला नाही, इंग्लंडचा टॉटनहॅमही नाही. निमंत्रणाच्या स्पर्धेत हे असं होतंच, आणि तो आक्षेप मी उडवून लावणार नाही.

वास्को हे नाव ऐकल्यावर गोव्याकडच्या माणसाला आपलं स्टेशन आठवेल. रिओतला हा क्लब १८९८ साली निघाला, आणि वास्को द गामा भारताच्या किनाऱ्याला लागला त्याला तेव्हा ४०० वर्षं होत होती, म्हणून हे नाव. १९५० च्या ब्राझील संघातले कितीतरी जण याच क्लबचे, बार्बोसासुद्धा. गटात त्यांनी स्पोर्टिंगला ५-१ आणि ऑस्ट्रिया व्हिएन्नालाही ५-१ असं धुतलं. कप त्यांचाच, असं कुणालाही वाटलं असतं.

पालमेइरासचं मात्र उलटं. युव्हेंटसने त्यांना गटात ४-० हरवलं. त्यानंतर ओबेर्दान कातानीसारखा नावाजलेला गोलकीपर बाहेर बसला आणि फाबियो क्रिपा गोलमध्ये उभा राहिला. उपांत्य फेरीत वास्कोविरुद्ध आकिलेसचा पाय मोडला. तरी दोन सामन्यांत २-१ आणि ०-० करून ते अंतिम फेरीत पोचले. समोर पुन्हा युव्हेंटस. यातली एक गोष्ट मला फार लागते. हा क्लब इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांचा. त्याचं मूळ नाव पालेस्त्रा इतालिया. १९४२ मध्ये, युद्धाच्या दिवसांत, ते नाव त्यांना टाकावं लागलं. आणि आता ज्या देशाचं नाव पाटीवरून पुसलं, त्याच देशाच्या क्लबाशी ते ब्राझीलच्या वतीने लढणार होते.

हा जागतिक किताब की नाही, यावर ब्राझीलमध्ये अजून भांडणं होतात. फिफाने २०१४ मध्ये ही जगभरातल्या क्लबांची पहिली स्पर्धा म्हणून मानली, आणि २०१७ मध्ये अधिकृत जगज्जेत्यांची यादी १९६० पासूनच धरली. माझं मत विचाराल तर बिल्ला काहीही लावा. मैदानावर आलेले संघ आणि त्यांची जिद्द अस्सल होती.

अंतिम फेरीचा पहिला सामना पालमेइरासने रोद्रिगेसच्या गोलवर १-० जिंकला. दुसरा २२ जुलैला, माराकानावरच. त्या १६ जुलैला खेळलेले जाइर आणि जुव्हेनाल आता पालमेइरासच्या हिरव्या जर्सीत त्याच गवतावर उभे होते. बरोबरी पुरत होती, तेव्हासारखीच. युव्हेंटसच्या प्रेस्टने गोल केला. रोद्रिगेसने फेडला. बोनिपेर्तीने पुन्हा आघाडी घेतली. स्टँडमधल्या माणसांच्या पोटात काय कालवलं असेल, विचार करा. मग लिमिन्याने चेंडू आत घातला. २-२. शिट्टी वाजेपर्यंत पुढे गोल झाला नाही.